‘आंदो मुय लिआदो’ म्हणणारा माणूस गोंधळलेला नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई हिंजवडीतल्या एका कंपनीत स्पॅनिश ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळतात. स्पॅनिशची बी१, म्हणजे मधली, पातळी त्यांची झाली आहे. माद्रिदच्या एका ग्राहकाने त्यांना लिहिलं: ‘पेर्दोना, आंदो मुय लिआदो एस्ता सेमाना. या ते दिगो आल्गो एल लूनेस.’ शब्दकोशात ‘लिआदो’पुढे गुंडाळलेला, गुंतलेला असे अर्थ मिळाले. त्यावरून त्यांनी वरिष्ठांना इंग्रजीत कळवलं की ग्राहक या आठवड्यात फार गोंधळलेला आहे आणि सोमवारी काहीतरी बोलेल. वरिष्ठांनी त्याच दिवशी ग्राहकाचा गोंधळ दूर करायला मीटिंग लावली. ज्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता, त्याच्या डोक्यावर आणखी एक तास टाकला. आता ताई विचारतात की या वाक्याचं बरोबर इंग्रजी काय, आणि सरळ ‘आय ॲम बिझी’ लिहिलं असतं तर चाललं असतं का.

आधी उत्तर देते, मग कारणं. ग्राहकाचं वाक्य त्याच्याच तोंडी इंग्रजीत ठेवायचं तर मी असं लिहीन: ‘सॉरी, आय हॅव गॉट अ लॉट ऑन धिस वीक. आय विल गेट बॅक टू यू ऑन मंडे.’ वाचणारा अमेरिकन असेल तर पहिल्या भागाऐवजी ‘आय ॲम स्वॉम्प्ड धिस वीक’. आणि तुम्ही फक्त वरिष्ठांना कळवत असाल, तर ‘ही इज टाइड अप धिस वीक अँड विल गेट बॅक टू अस ऑन मंडे’ एवढं पुरे.

आता ‘लिआदो’ शब्द हातात घेऊन बघू, कारण तुमचा शब्दकोश खोटं बोलला नव्हता. मूळ क्रियापद ‘लिआर’, लॅटिन ‘लिगारे’पासून आलेलं, म्हणजे बांधणं. स्पॅनिश अकादमीच्या कोशात ‘लिआर’चा अर्थ गठ्ठे आणि ओझी ‘लीआ’ने बांधून पक्की करणं असा दिला आहे. ‘लीआ’ म्हणजे एस्पार्तो नावाचं चिवट गवत कुटून, वेणीसारखी गुंफून केलेली दोरी. आपल्याकडे काथ्याचा सुंभ असतो तसाच प्रकार. मार्केट यार्डात हमाल पोतं बांधून दोरीला शेवटचा हिसका देतो, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. ‘लिआदो’ म्हणजे तसा बांधला गेलेला. कोणी बांधलं? कामाने. आपण म्हणतोच की ‘कामात गुंतलोय’, ‘जरा अडकलोय’. इंग्रज म्हणतो ‘टाइड अप’. तिन्ही भाषांनी हाताशी दोरीच धरली आहे. तुम्ही शब्दकोशातला ‘गुंतलेला’ हा अर्थ आधी मराठीत घोळवला असतात, तर ‘गुंतलोय’पाशी पोचायला एक क्षण लागला नसता. तुम्ही थेट इंग्रजीकडे धावलात आणि वाटेत गुंत्याचा गोंधळ झाला.

माझ्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं सांगत आले आहे. मराठी माणसाला स्पॅनिशमधून इंग्रजीत जाताना मधे मराठीची पायरी घेऊ नका असं शिकवतात. व्याकरणाच्या सरावापुरतं ते ठीक आहे. पण रोजच्या बोलण्यातल्या अशा वाक्यांना मराठीची पायरी फार उपयोगी पडते, कारण कामाचा बोजा कसा सांगायचा याबाबतीत स्पॅनिश आणि मराठी एकमेकींना इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळ आहेत. आपल्या घरात हे वाक्य कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणेल हे आधी कानात ऐकावं. मग इंग्रज माणूस त्याच जागी काय म्हणेल ते शोधावं.

गोंधळ मात्र पूर्ण निराधार नव्हता. याच कुळातली काही वाक्यं खरोखरच गोंधळाबद्दल आहेत. ‘एस्तोय एचो उन लीओ’ म्हणजे माझा पार गोंधळ उडालाय, डोक्यात नुसता गुंता झालाय. तिथे इंग्रजी ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ बरोबर. ‘मे ए लिआदो’ म्हणजे माझी गल्लत झाली, आकडे उलटसुलट झाले, किंवा बोलत बसलो आणि वेळ गेला. आणि ‘लिआदो’नंतर ‘कॉन’, म्हणजे ‘बरोबर’, येऊन पुढे माणसाचं नाव आलं, तर थांबा. ‘एस्ता लिआदा कॉन एल इन्फोर्मे’ म्हणजे ती अहवालाच्या कामात अडकली आहे. ‘इन्फोर्मे’च्या जागी एखाद्या पुरुषाचं नाव आलं, तर त्या दोघांचं प्रेमप्रकरण चालू आहे असाच अर्थ बहुतेक वेळा निघेल. सहकाऱ्याबद्दल असं वाक्य ऑफिसच्या मेलमध्ये लिहिण्यापेक्षा ‘एस्ता रेउनीदा कॉन’, म्हणजे अमक्याबरोबर मीटिंगमध्ये आहे, असं लिहावं.

‘आंदो’कडे फार कुणाचं लक्ष जात नाही, पण या वाक्यात ते फार मोलाचं आहे. ‘एस्तोय ओकुपादो’ म्हणजे आत्ता, या घडीला मी कामात आहे. ‘आंदो’ हे ‘आंदार’, म्हणजे चालणं, याचं रूप. ‘आंदो लिआदो’ म्हणणारा त्या अवस्थेतच हिंडतो आहे. मराठीत आपण ‘हल्ली जरा धावपळीतच असतो’ म्हणतो, किंवा ‘सध्या नुसती पळापळ चाललीय’. इंग्रजीत ‘चालणं’ आणता येत नाही, म्हणून तो अर्थ दुसरीकडे ठेवावा लागतो. कधी ‘लेटली’ किंवा ‘धीज डेज’ या शब्दांत, कधी काळात. ‘आंदो मुय लिआदो’ एवढंच असतं, आठवड्याचा उल्लेख नसता, तर मी ‘आय हॅव बीन रिअली बिझी’ लिहिलं असतं.

इथे आपल्या लोकांचा पाय हमखास घसरतो. स्पॅनिशमध्ये ‘येबो तोदा ला सेमाना लिआदो’, म्हणजे आठवडाभर अडकलेलोच आहे, हे वर्तमानकाळी वाक्य आहे. मराठीतही आपण ‘सोमवारपासून गडबडीतच आहे’ असं वर्तमानकाळातच म्हणतो. दोन्हीकडे वर्तमानकाळ दिसला की हात आपोआप ‘आय ॲम बिझी सिन्स मंडे’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीत तिथे ‘आय हॅव बीन बिझी सिन्स मंडे’ लागतं. मराठीची पायरी जवळची आहे असं मी वर म्हटलं. ती पाय घसरवते ती नेमकी इथे. अर्थासाठी मराठीकडे जा, काळ मात्र इंग्रजीला विचारून ठरवा. तसंच ‘बिझी इन वर्क’. ‘कामात’ मधला ‘त’ इंग्रजीत ‘इन’ होऊन येतो. लिहायचं ‘बिझी विथ वर्क’, किंवा पुढे क्रियापद असेल तर ‘बिझी प्रिपेअरिंग द रिपोर्ट’.

मग ‘आय ॲम बिझी’ चाललं असतं का? अर्थ पोचला असता, सूर बिघडला असता. इंग्रजीत नुसतं ‘आय ॲम बिझी’ हे दार लावून घेण्यासारखं ऐकू येतं. तुमच्या ग्राहकाने आधी ‘पेर्दोना’ म्हटलं, मग आपली अडचण सांगितली, मग सोमवारचा शब्द दिला. मराठीत त्याचं वाक्य असं होईल: ‘सॉरी हं, या आठवड्यात फारच अडकलोय. सोमवारी कळवतो तुला.’ त्यातला ‘हं’ इंग्रजीत ठेवायला ‘गॉट अ लॉट ऑन’सारखी सैल, घरगुती रचना लागते. त्याने ‘पेर्दोना’ म्हटलंय, ‘पेर्दोने’ नाही, म्हणजे तो तुम्हाला ‘तू’ म्हणतोय. माद्रिदमध्ये कामाच्या ठिकाणी हे सर्रास चालतं आणि त्यात अनादर नसतो. ‘पेर्दोने’ असतं, म्हणजे आपलं ‘तुम्ही’, तर मी ‘माय अपॉलॉजीज’ने सुरुवात केली असती.

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य वेगळंच आहे: ‘नो दोय आबास्तो’. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण आज ना उद्या तुमच्या इनबॉक्समध्ये येणारच. ते मी चुकीचं भाषांतरित केलं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पंधरा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. भोसरीतला एक कारखाना स्पेनमधल्या कास्तेयोन भागातल्या छोट्या वर्कशॉपकडून सुटे भाग मागवायचा. कास्तेयोन हा टाइल्सच्या धंद्याचा मुलूख, त्याच्या आसपास यंत्रं आणि भाग बनवणारी लहान-लहान वर्कशॉप्स पुष्कळ. त्या वर्कशॉपच्या मालकाचं पत्र आलं, त्यात वाक्य होतं: ‘कॉन तांतोस पेदीदोस नो दामोस आबास्तो.’ इतक्या ऑर्डरी आहेत की, आणि पुढे ‘नो दामोस आबास्तो’, म्हणजे तेच वाक्य, ‘मी’ऐवजी ‘आम्ही’चं. कोशात पाहिलं, ‘टू बी अनेबल टू कोप’ दिसलं, आणि मी लिहिलं ‘विथ सो मेनी ऑर्डर्स, वी कॅनॉट कोप’. इंग्रजी शुद्ध होतं. वाचणाऱ्याला मात्र वाटलं की ते वर्कशॉप कोलमडलं आहे. ‘कॅनॉट कोप’ला इंग्रजीत हात टेकल्याचा वास येतो, मनाने खचलेल्या माणसाबद्दलही तो शब्द वापरतात. कारखान्याने दुसरा पुरवठादार शोधायला घेतला. आठवड्याभराने कुणीतरी फोन केला तेव्हा कळलं की धंदा जोरात आहे, दोन माणसं नवी ठेवली आहेत आणि माल फक्त तीन आठवडे उशिरा निघेल. त्या मालकाने पत्रात खरं तर भरभराटीची बातमी दिली होती. ती मी आजारपणाची करून पाठवली.

बरोबर शब्द मला त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सापडला, नारायण पेठेत. माझे जुने शिंपी आहेत तिथे, दुकान जेमतेम एका खोलीचं. गळ्यात टेप, मशीनच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या, प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली, वर नाव आणि तारीख. मी मापाचा ब्लाउज पुढे केला. त्यांनी पायाने मशीन थांबवलं नाही, नुसती मान वर केली आणि म्हणाले, ‘ताई, दिवाळीच्या आत नका सांगू. एकटा पुरा पडत नाहीये.’ मी दारातच उभी राहिले. पुरा पडत नाहीये. नो दोय आबास्तो. अक्षरशः तेच.

‘आबास्तो’ म्हणजे पुरवठा, रसद. स्पेनमध्ये भाजी-फळं-मासळीच्या मंडईला ‘मेर्कादो दे आबास्तोस’ म्हणतात. मेक्सिको सिटीचा १९८२ साली सुरू झालेला अवाढव्य घाऊक बाजार आहे, त्याचं नावच ‘सेंत्राल दे आबास्तो’. आपल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारखा, पण एका महानगराला खाऊ घालणारा. ‘दार आबास्तो’ म्हणजे पुरवठा पुरेसा देणं. मागणी इतकी आहे की माझा पुरवठा तिला पुरत नाही, हे ‘नो दोय आबास्तो’. त्या शिंप्याने नेमकं हेच सांगितलं होतं. त्यात हार नव्हती. मशीन चालूच होतं. कामं येताहेत त्या वेगाने हात चालत नाहीत, इतकंच. मग इंग्रजी आपोआप सुचलं: ‘ऑर्डर्स आर कमिंग इन फास्टर दॅन वी कॅन फिल देम.’ एका माणसाच्या तोंडी असेल तर ‘आय कॅन्ट कीप अप’. ‘कोप’ मी तेव्हापासून फक्त खरोखर खचलेल्या माणसासाठी ठेवला आहे.

याच ‘पुरण्या’च्या घरातलं आणखी एक वाक्य आज स्पेनमध्ये खूप ऐकू येतं, तरुण मंडळींच्या तोंडी तर फारच: ‘नो मे दा ला बीदा’. शब्दशः पाहिलं तर ‘आयुष्य मला देत नाही’ असं काहीतरी विचित्र दिसतं, आणि भाषांतराच्या मशीनने असलं काही काढून दिलेलं मी पाहिलं आहे. ‘दार’ हे क्रियापद, एरवी ‘देणं’, इथेही ‘पुरणं’च आहे. मराठीत: ‘अगं, दिवसच पुरत नाही मला.’ इंग्रजीत: ‘देअर आरन्ट इनफ अवर्स इन द डे.’ मराठीतून गेलात की एका उडीत पोचता.

बाकीची भराभर सांगते. ‘एस्तोय आस्ता अरीबा दे त्राबाहो’, कामात वरपर्यंत बुडालोय: ‘आय ॲम अप टू माय आइज इन वर्क’. ‘बोय दे काबेसा’, म्हणजे डोक्यावर चालल्यासारखी धांदल: इंग्रज तिथे पायांची गोष्ट काढतो, ‘आय ॲम रश्ड ऑफ माय फीट’. ‘नो पारो’, थांबतच नाही: ‘आय हॅवन्ट स्टॉप्ड’, आणि इथेही इंग्रजी काळ बदलला आहे हे पाहा.

देश बदलला की शब्द बदलतात, आणि तुमच्या कामात हे लागेल. ‘लिआदो’ मुख्यतः स्पेनचा. मेक्सिकोचा ग्राहक ‘त्राइगो मूचा चांबा’ म्हणेल. ‘चांबा’ म्हणजे काम, बोलीतला शब्द. चिलेचा ‘एस्तोय तापादो दे पेगा’ म्हणेल, कामाखाली झाकला गेलोय. इंग्रजी ‘स्नोड अंडर’ला हे छान बसतं. कोलंबियात कामाला ‘कामेयो’ म्हणतात, म्हणजे उंट, त्यामुळे ‘तेंगो मूचो कामेयो’ वाचून उंट शोधत बसू नका. अर्जेंटिनाचा ‘एस्तोय आ मिल’ म्हणेल, हजारच्या वेगाने धावतोय. आणि ‘एल मार्तेस एस्तोय कोंप्लिकादो’ असं आलं तर तो स्वतः गुंतागुंतीचा माणूस आहे असं लिहू नका. आपण म्हणतो ना, ‘मंगळवारी जरा अवघड आहे’? तेच ते. ‘ट्यूजडे इज ट्रिकी फॉर मी.’ मेक्सिकोत कामाच्या घाईबद्दल काही शिवराळ प्रयोगही सहज चालतात. ते ओळखावेत, ऑफिसच्या मेलमध्ये स्वतः वापरू नयेत आणि भाषांतरात त्यांची तीव्रता ‘क्रेझी बिझी’पर्यंत खाली आणावी.

‘ओकुपादो’ हा शब्द ‘बिझी’ची पक्की जोडी समजू नका. स्वच्छतागृहाच्या दारावर तो ‘ऑक्युपाइड’ होतो, खुर्चीबद्दल ‘टेकन’. फोन लागत नसेल तर स्पेनमध्ये ‘एस्ता कोमुनिकांदो’ म्हणतात, ब्रिटिश त्याला ‘एंगेज्ड’ म्हणतो आणि अमेरिकन ‘बिझी’. आणि ग्राहकाने ‘यो मे ओकूपो’ लिहिलं तर तो वेळ नाही असं सांगत नाही. तो म्हणतोय ‘ते मी बघतो’. ‘आय विल टेक केअर ऑफ इट.’ हे उलटं भाषांतरित झालं तर ज्याने काम अंगावर घेतलं त्यालाच आपण टाळाटाळ करणारा ठरवतो.

शेवटचं अक्षरही वाया जाऊ देऊ नका. ‘लिआदो’ म्हणजे लिहिणारा पुरुष, ‘लिआदा’ म्हणजे स्त्री. आपल्या ‘अडकलोय’ आणि ‘अडकलेय’सारखं. इंग्रजीत ही खूण पुसली जाते, म्हणून वरिष्ठांना कळवताना ‘ही’ की ‘शी’ हे तिथूनच ठरवायचं. रोसारिओ आणि कोंसुएलो ही दोन्ही बायकांची नावं आहेत. ‘ओ’ पाहून पुण्यातून त्यांना ‘मिस्टर’ लावलेली पत्रं मी दुरुस्त केली आहेत. मेलमध्ये ‘लिआदा’ होतं, कुणी पाहिलं नव्हतं.

आता तुमच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग. ‘या ते दिगो आल्गो’चं तुम्ही ‘काहीतरी बोलेल’ केलंत. ‘या’चा पहिला पाठ केलेला अर्थ ‘आधीच’, पण इथे तो भरवसा आहे, आपल्या ‘कळवतोच’मधल्या ‘च’सारखा. ‘दिगो’ वर्तमानकाळी आहे आणि अर्थ भविष्याचा, जसं आपण ‘सोमवारी सांगतो’ म्हणतो. ‘आल्गो’ म्हणजे त्याचा निर्णय, हो किंवा नाही. म्हणून ‘आय विल गेट बॅक टू यू’ किंवा ‘आय विल लेट यू नो’.

आणि सोमवार म्हणजे त्याचा सोमवार. उन्हाळ्यात माद्रिद आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्याची ‘मान्याना’, म्हणजे सकाळ, दुपारच्या जेवणापर्यंत चालते आणि ते जेवण दोनच्या सुमारास होतं. त्यामुळे ‘सोमवारी सकाळी’ असं जरी त्याने लिहिलं असतं, तरी पुण्यात संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा वाजेपर्यंत तो वेळेतच आहे. दुपारी बाराला आठवण पाठवू नका.

मीटिंगचं झालं ते झालं. आज त्याला दोन ओळी पाठवा: ‘त्रांकीलो, सिन प्रीसा. आब्लामोस एल लूनेस.’ मराठीत, ‘निवांत कर, घाई नाही. सोमवारी बोलू.’ वरिष्ठांसाठी इंग्रजी प्रतीत: ‘नो रश अॅट ऑल. वी विल टॉक ऑन मंडे.’ त्याने तुम्हाला ‘तू’ म्हटलं आहे, त्यामुळे ‘त्रांकीलो’ इतकं मोकळं चालेल. ग्राहक बाई असती तर ‘त्रांकीला’.